एका पुस्तकाचे तीन तुकडे

४ ऑगस्ट
पुस्तक एकदाचं आलं. मेहकरच्या दुकानदाराने एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ दिलं, मी स्टँडवर जाऊन घेतलं. केवढं जाड! उशाला घेता येईल. खून, कोर्ट, वकीलबाई. महाराष्ट्रभर हातोहात खपतंय म्हणे. मी शिक्का मारते न मारते तोच जोशी सर (शाळेचे जुने मुख्याध्यापक) घेऊन गेले. दुसरी प्रत घ्यायला समिती तयार नाही. मी गावच्या वाचनालयात कामाला लागल्यापासून नंबर लावून वाट पाहिली जातेय असं हे पहिलंच पुस्तक. बरं वाटलं.

९ ऑगस्ट
सर पुस्तक सोडेनात. रेहानाभाभी बांगड्यांचं दुकान सोडून दोनदा येऊन गेली. अंगणवाडीची वंदना तर परस्पर सरांच्या घरीच धडकली. सरांनी दारातूनच सांगितलं, अजून साक्षी चालू आहेत. कंडक्टर गजानन माझ्यावर उखडला. वाचनालय तुमचं आहे का सरांचं, म्हणतो. 

१२ ऑगस्ट
आज धाडस केलं. सरांकडून पुस्तक मागून आणलं आणि तशीच डोणगावला याकूबचाचांकडे गेले. आमची फाटकी पुस्तकं तेच बांधून देतात. आज म्हटलं, चाचा, बांधायचं नाही, तोडायचं आहे. नवं कोरं पुस्तक पाहून त्यांचा हात आखडला. "बाई, सारी उमर जोडत आलो, अन् आता तोडाले सांगता?" मग नंबरची भानगड सांगितली तेव्हा हसले. सुरी घेतली. तीन भाग, तिन्हींना खाकी पुठ्ठा, वर आकडे. आता तिघं एकदम वाचतील.
घरी यांना सांगितलं. म्हणाले, समितीला कळलं तर तुझेही तीन भाग होतील.

१७ ऑगस्ट
घोळ. भाग १ पुन्हा सरांकडेच (त्यांना कायद्याचे मुद्दे तपासायचेत!). म्हणून भाभीने सरळ भाग ३ नेला. गजाननने २. त्यात मी पानं मोजून कापायला लावलेलं, प्रकरण कुठे संपतं ते पाहिलंच नाही. भाग २ उलटतपासणीच्या मधोमध सुरू होतो. गजाननची पक्की खात्री, खून पुस्तकातल्या ड्रायव्हरने केला. भाभीला खरा खुनी ठाऊक. ती नुसती हसते, त्यामुळे तो आणखी चिडतो.
आज वाचनालयात इतका आवाज होता की माझी नजर आपोआप 'शांतता राखा' पाटीकडे गेली. पण कोणाला आवाज कमी करा म्हटलं नाही.

१९ ऑगस्ट
भाऊसाहेबांनी (भा.सा., समितीचे अध्यक्ष) घरी बोलावलं. वाचनालयाच्या खोलीत अभ्यासिका काढायची. स्पर्धा परीक्षांच्या पोरांसाठी. गोष्टींची पुस्तकं पोत्यात भरून शाळेच्या माळ्यावर.
"कादंबऱ्या कोण वाचते आता? पोरांले बसाले जागा नाही."
२८ला मीटिंग, समितीचं मतदान. माझं काम जाणार नाही, अभ्यासिकेलाही बाई लागेलच, असंही म्हणाले. तरी रस्त्यात रडू आलं. खोटं कशाला लिहू, ती पोती डोळ्यांसमोर आली.

२० ऑगस्ट
पूजाला विचारलं. पोलीस भरतीची तयारी करते. म्हणाली, घरात टीव्ही, पाहुणे, लहान भावंडं. मंदिराच्या ओट्यावर बसून वाचते, तिथे भजन लागलं की उठते. तिचं काय चुकलं? म्हणजे भा.सा.ही चूक नाहीत. हेच वाईट. चूक असते तर मी भांडले असते.

२४ ऑगस्ट
पुस्तक जवळपास सगळ्यांचं झालं. दोघांचं मत जुळेल तर शपथ.
जो. सर: वकीलबाईने अशिलासाठी पुरावा दडवला, हे पटत नाही. तिची सनद जायला पाहिजे, आणि तिला जिंकवणाऱ्या लेखकाला दंड.
गजानन: एक नंबर. वाचता वाचता डबल बेल द्यायची विसरला, पॅसेंजर ओरडले.
वंदना: अर्ध्यातच टाकलं. म्हणे, खून होते, कोर्ट भरते, पण त्यात कोणी सैपाक करत नाही की जेवत नाही. माणसं जगतात कशावर?
भाभीचं सगळ्यांत निराळं. तिने ३, मग २, मग १ असं वाचलं. "तुम्ही सारे खुन्याले शोधत राह्यले. मले तो आधीच दिसून राह्यला होता. मले त्याची कीवच आली."
मी पहिल्या पानापासून नीट वाचलंय, पण मला त्या माणसाची कीव आली नव्हती. पुन्हा वाचलं पाहिजे. माझं मत: मधे फार लांबण. तरी खाली ठेववलं नाही.

२८ ऑगस्ट
मीटिंग. टेबलावर भा.सा.समोर तिन्ही खाकी तुकडे. चुगली कोणी केली देव जाणे. वाचनालयाची मालमत्ता फाडली म्हणून चांगलंच झापलं. मी म्हटलं, हो, मीच तोडायला लावलं, वाट पाहणारे फार होते. ते कोण, असं विचारलं तर दारात उभेच होते सगळे. पुस्तकाचा विषय निघाला आणि सर नि गजानन तिथेच जुंपले, वकीलबाईच्या सनदेवरून. अर्धी समिती त्यात ओढली गेली. भा.सा. वैतागले. वंदनाकडे वळले, "तुले तर पुस्तक आवडलंच नाही म्हणते. मंग तू काऊन आली?"
वंदना चारचौघांत बोलणारी नाही. पदर सावरला, मग म्हणाली,
"नाही आवडलं, भाऊसाहेब. पण हे सांगाले मी कुठं जाऊ? घरी भिंतीले सांगू?"
कोणी हसलं नाही.
अभ्यासिकेवर मतं सारखी पडली. अध्यक्षांचं तेवढं राहिलं. भा.सा.नी तुकडे उचलले. आधी वाचतो, मग मत देतो, म्हणाले. पुढची मीटिंग १० सप्टेंबर.

१ सप्टेंबर
सगळ्यांना ताकीद: शेवट कोणी सांगायचा नाही. गजाननला दोनदा. भा.सा.च्या घरावरून बस जाते तेव्हा तो खिडकीतून वाकून बघतो. भा.सा. ओसरीवर, चष्मा नाकावर, भाग १. दुसऱ्या फेरीलाही तिथेच.

५ सप्टेंबर
धाकधूक. नाही आवडलं तर? त्यांना काय आवडतं हेच मला माहीत नाही. इतकी वर्षं अध्यक्ष आहेत, एक पुस्तक नेलेलं आठवत नाही.
दुपारी पूजा आली. म्हणाली, ताई, आम्ही सकाळपासून पाचपर्यंत बसू, मग तुम्ही भांडा. "संध्याकाळी आमाले तसंही ग्राउंडवर पळाले जा लागते."
इतकं सोपं! समितीत कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. म्हटलं, चल, आत्ताच सांगू. ती घाबरली, मीही घाबरले, पण गेलो. भा.सा. वाचत होते (भाग २!). सगळं ऐकलं, मान वर न करता "हं" म्हणाले आणि पान उलटलं. येताना दोघी त्या 'हं'चा अर्थ लावत आलो. पूजा म्हणते चांगला होता. मला वाटतं, तो आम्हाला नव्हताच, पुस्तकाला होता.

९ सप्टेंबर
संध्याकाळी भा.सा. वाचनालयात! मीटिंग नसताना पहिल्यांदाच. काखेत तिन्ही भाग. मला वाटलं, परत करून जातील. बसले. आणि वकीलबाईवर असे तुटून पडले की सर आनंदाने म्हणाले, मी तेच सांगत होतो. त्यावर भा.सा. म्हणाले, तुमचं कारण चूक आहे. तिथून जी सुरुवात झाली! गजानन, वंदना, शेजारी वाण्याच्या दुकानात आलेले दोघे, सगळे आत. भाभीने मधेच शांतपणे विचारलं, तो खुनी तुमचा पोरगा असता तर? भा.सा.नी हातातला भाग ३ मिटून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मंग मी बी तीच वकील लावली असती." आणि स्वतःवरच चिडल्यासारखे पुन्हा भांडायला लागले.
पूजा ग्राउंडवरून आली, घामाने भिजलेली, ती दाराला टेकून ऐकत राहिली.
जाताना मतदानाबद्दल अक्षर काढलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही. उद्या सकाळी अकरा वाजता मीटिंग.
आज खुर्च्या कमी पडल्या, वंदना खिडकीत बसली होती. सकाळी घरून दोन घेऊन जाते.