ताईचा अभ्रा

ताई,

उशीच्या अभ्र्याला चिकटलेलं स्वप्न गरम पाण्यात विरघळतं, हे आपल्या लाँड्रीत मला तूच शिकवलंस. मरायची एवढी कसली घाई होती गं तुला? तू गेल्यापासून आई तुझ्याच अभ्र्यावर झोपायची. त्यातल्या तुझ्या शेवटच्या स्वप्नात तू तिला रोज भेटायचीस. काल मी मेलीनं सवयीनं तो गिऱ्हाइकांच्या चादरींबरोबर उकळला. माझं धाबंच दणाणलं. मग दुपारी दुसऱ्या अभ्र्यावर झोपून कसंबसं तुझं स्वप्न पाहिलं आणि तो आईच्या उशीला चढवला.

सकाळी आई म्हणाली, "तुझी ताई आली होती. पण आवाज तुझा होता."

मी तिच्या पांघरुणाची घडी घालायला घेतली.

उशीवरून हात फिरवत ती म्हणाली, "आजही पाठव तिला."

तुझी,
धाकटी