पहिलं रीळ तुमचं

अब्बा,

आज मी एका मुलीला माझ्यासमोर बोलणी खाऊ दिली. मी एक वाक्य बोलले असते तर ती वाचली असती. मी बोलले नाही. घरी येऊन चहा टाकला, तो आटून पातेल्याच्या बुडाशी गेला तरी मी ओट्याशी उभीच होते, आणि कानात तुमच्या प्रोजेक्टरची घरघर सुरू झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचा चेहरा आठवायला आता मला फोटो बाहेर काढून बघावा लागतो. तो आवाज मात्र फोटोशिवाय येतो.

ही मुलगी इथलीच, सौदी. मी रियाधला अल मलाझमधल्या एका खासगी दवाखान्यात रेकॉर्ड विभाग सांभाळते, तेवीस वर्षं. आता सौदीकरणाच्या नियमाने ही जागा इथल्या माणसाला द्यायची आहे, म्हणून तीन महिन्यांपूर्वी हिला माझ्या हाताखाली पाठवलं. मला ती खाला म्हणते, म्हणजे मावशी. आपल्याकडचाच शब्द, पण तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला राग आला होता. तुम्ही असता तर म्हणाला असता, माझ्या मुलीला राग यायला कारण लागत नाही. येत्या रविवारी मला तिच्याबद्दल अहवाल द्यायचा आहे. ती तयार आहे असं लिहिलं तर महिनाअखेर माझं खलास, इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, रद्द, सामान बांधायचं. तयार नाही असं लिहिलं तर तिला काढतील, दुसरी मिळेपर्यंत मला ठेवतील, म्हणजे वर्षभर तरी निघेल.

आज सकाळी एक म्हातारी बाई आली, मूळची ताइफची, दवाखान्याची फार जुनी पेशंट. डॉक्टरांना तिची जुनी फाइल हवी होती. त्या नावाच्या चार बायका आमच्याकडे आहेत, आणि हिची फाइल तिच्या नंबरावर नाहीच. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला गेली, तेव्हा मी ती भावाच्या फाइलमागे खिडकीखालच्या कपाटात लावली. कॉम्प्युटरवर ते चढवलेलं नाही. अशा दीडशे तरी फाइली आहेत, त्यांचे पत्ते फक्त माझ्या डोक्यात. मुलगी पाऊण तास शोधत होती. मग मुदीर, म्हणजे आमचे व्यवस्थापक, बाहेर आले आणि पेशंटांसमोर तिला म्हणाले, "युनिव्हर्सिटीत काय शिकवलं तुला? एक फाइल सापडत नाही?" ती मान खाली घालून उभी. मी हातात पेन घेऊन उभी. त्यांचं बोलून संपल्यावर मी खिडकीपाशी गेले आणि मिनिटभरात फाइल आणून टेबलावर ठेवली. मुदीर म्हणाले, "बघ, याला काम म्हणतात." दुपारी ती माझ्यापाशी आली. "खाला, कुठे होती ती? मला शिकवाल?" मी म्हटलं, "अनुभवाने येतं."

असाच आवाज मी एकदा तुमच्याशी लावला होता.

मी नुकती बी.ए. झालेली, इतिहास घेऊन. तुम्ही मला आणि आईला दोन महिन्यांच्या व्हिसावर जुबैलला आणलंत. शहर अजून उभं राहत होतं, जिकडे तिकडे क्रेन आणि वाळू. तुम्ही ब्रिटिश कंत्राटदाराच्या कॉलनीत क्लबचे ऑपरेटर, दर गुरुवारी संध्याकाळी साहेबलोकांना सिनेमा दाखवायचा. या देशात तेव्हा कुठे थिएटर नव्हतं, तिथे तुमच्याकडे एक यंत्र आणि एक पांढरी भिंत. त्या गुरुवारी तुम्ही दुपारीच आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला तीनदा सांगितलंत, "बाय, सुरुवातीपासून बस हां. मधे येऊन काय कळायचं नाही तुला." कुठला सिनेमा, ते सांगेनात. आई म्हणाली, "नवरदेव झालाय आज."

तो जुना काळा-पांढरा हॉलिवूडचा सिनेमा होता. मद्रासला कंपनीच्या गोदामात कारकून म्हणून आलेला आणि पुढे आपल्या अख्ख्या मुलखाचा मालक होऊन बसलेला तो गोरा. त्याच्यावर मी परीक्षेत वीस मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. पडद्यावर आपले लोक म्हणजे तोंडाला काळं फासलेले गोरे नट, कोणी पळतोय, कोणी पाय धरतोय. लढाई झाली, रीळ संपलं, दिवे लागले, साहेब आणि मॅडम टाळ्या वाजवत होते. तुम्ही शेवटचं रीळ चढवत होता, आणि चढवता चढवता क्लबच्या साहेबाला विचारलंत, "फोकस ठीक आहे ना, सर?"

मी उठून उभी राहिले. इंग्रजीत बोलले, म्हणजे सगळ्यांना कळावं. म्हटलं, ज्याने आपल्याला लुटलं त्याच्यासाठी हे टाळ्या वाजवताहेत, आणि माझे वडील यांना फोकस विचारताहेत. यांना आपण काय दाखवतोय हेही कळत नाही.

तुमचे हात थांबले नाहीत. फिल्मचा लूप बोटाने मोजून सोडलात, झाकण लावलंत. उत्तर दिलं ते साहेबाने, अगदी हळू. म्हणाला, "मिस, तुमच्या वडिलांनी हा सिनेमा तीन महिने मागून मागून आणवलाय. माझी मुलगी इतिहास शिकली आहे, तिला दाखवायचाय, म्हणाले." मग दिवे गेले. उरलेला सिनेमा मी मान वळवून बाजूच्या भिंतीकडे बघत काढला.

दुसऱ्या दिवशी जुम्म्याची नमाज पढून तुम्ही आलात आणि सुरमई साफ करायला बसलात. ते काम तुम्ही आईला कधी करू दिलं नाही. पोर्टा केबिनच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात मी कांदा चिरतेय, तुम्ही माझ्याकडे पाठ करून. आता बोलतील, आता बोलतील म्हणून मी तयारीत. तुम्ही म्हणालात, "मला ठाऊक नाय असं वाटलं तुला? सगळं ठाऊक आहे. पण पहिलं रीळ माझं आहे. पुढची दोन त्यांची, त्यात मी फक्त फोकस बघतो." मग सुरी थांबवून विचारलंत, "पहिलं रीळ आवडलं का गो?" मी म्हटलं, "पाहिलं की. त्यात काय आहे एवढं?" तुम्ही मासा धुतलात. पुन्हा हा विषय तुम्ही काढला नाही, आणि मीही नाही. ना निघताना विमानतळावर, ना पुढे गावी, तुम्ही खाटेवर होता ते चार महिने.

दोन वर्षांनी कंपनीने तुमच्या जागी इथला माणूस घेतला. तेव्हा हे नियम, हे शब्द नव्हते, पण गोष्ट तीच. तुमचं पत्र आलं होतं, ते मी फाडलं नाही एवढंच. "त्याला सगळं शिकवलं. फिल्म ताणली की तुटते, वरखाली ढील सोडायची, हे त्याच्या हाताला यायला आठ दिवस लागले. मला पंधरा लागले होते. कुठल्या फिल्मला कुठे जोड आहे ते कागदावर लिहून दिलं. हुशार आहे." मला तेव्हा वाटलं होतं, किती साधा माणूस, स्वतःच्या हाताने स्वतःची जागा देतो. माझ्या नवऱ्यालाही मी ते हसत वाचून दाखवलं होतं.

आज असरच्या, दुपार कलतानाच्या, नमाजेनंतर मी फोनवर तो सिनेमा शोधला. आता सगळं सापडतं. आणि तुमचं रीळ लावलं.

एक पोरगा गोदामात बसलाय. घामाने कागद हाताला चिकटतोय. वरचा साहेब सगळ्यांसमोर त्याला झापतो, कारण त्याला वही सापडत नाही, आणि ती कुठे ठेवतात हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. शेजारचा जुना कारकून सगळं ऐकत स्वतःचं लिहीत राहतो. संध्याकाळी पोरगा समुद्रावर जाऊन उभा राहतो, परतीच्या जहाजाकडे बघत. तुम्ही आलात तेव्हा तुमचं वय तेवढंच होतं का? मी कधी विचारलं नाही. तुम्हाला झापलेलं कोणी पाहिलं होतं का, आणि गप्प कोण बसलं होतं, हेही नाही.

मी तिथेच बंद केलं. माझ्याने त्या जुन्या कारकुनाकडे बघवेना.

अहवाल मी कालच लिहून ठेवला होता. "तयार नाही", इंग्रजीत, नीटनेटका, खाली सही. हे पत्र त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते आहे, म्हणजे तो आता देता यायचा नाही. दुसरा लिहीन. आणि रविवारी तिला खिडकीखालचं कपाट उघडून दाखवीन, दीडशेच्या दीडशे. मुदीरांना काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही. तिची माफी मागायला जीभ वळेल असं मला वाटत नाही. तुमच्यापाशीही वळली नव्हती.

पण एक सांगायचं राहिलं आहे. त्या गुरुवारी तुम्ही तीनदा बजावलं होतंत, तरी मी कॉटवर पुस्तक वाचत पडले होते. साहेबांचा सिनेमा, थोडा उशीर झाला तर काय, असं म्हणून. मी आत आले तेव्हा दिवे लागलेले होते, तुम्ही पाठमोरे, दुसरं रीळ चढवत होता, आणि मी गुपचूप मागच्या रांगेत जाऊन बसले. पहिलं रीळ मी पाहिलंच नव्हतं, अब्बा. आज पाहिलं.