वाट विचारायची नाही

घोडेगाव,
१८ फेब्रुवारी १९७३

प्रिय माले,

अक्षर ओळखलंस ना? पाकीट फोडण्याआधी दोनदा उलटंपालटं करून पाहिलं असशील. दोन वर्षं तुझी पत्रं मी न उघडता पोस्टमनच्या हाती परत दिली, तेव्हा तुला तेवढा हक्क आहे. हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, केशरच्या हाती देतोय. तुझा पत्ता तिच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

आधी बातमी सांगतो, हसशील. तुझा बाप चोपन्नाव्या वर्षी माळावर पळायला शिकतोय. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात लपवलेली निशाणं शोधायची, अशी एक शर्यत असते म्हणे. इंग्रजीत तिला ओरिएंटिअरिंग म्हणतात. मला तीन दिवस तो शब्दच उच्चारता येईना. आमच्या नव्या हेडमास्तरांना मुलं त्यात उतरवायची आहेत, पण आधी मास्तर तयार हवा. भूगोल शिकवणारा आणि रविवारी घरी कुणी वाट न बघणारा असा मास्तर शाळेत एकच. पाठवलं मला नगरला, पलटणीतून निवृत्त झालेल्या सुभेदार कानिफनाथांकडे.

मला वाटलं, यात शिकायचं काय? कृष्णा-गोदावरी मी डोळे मिटून फळ्यावर काढतो. पण माळावर उभा राहिलो आणि उत्तर कुठली तेच सांगता येईना. फळ्यावर ती नेहमी वर असते गं. सुभेदारांनी बालवाडीपासून सुरुवात केली. नकाशाची उत्तर जमिनीच्या उत्तरेला लावून घ्यायची, आपण उभे असू तिथं नकाशावर अंगठा ठेवायचा, पावलं मोजत निघायचं. आणि शर्यतीत कितीही वाट चुकली तरी कुणाला विचारायचं नाही. हा शेवटचा नियम मला एकदम पटला. जन्मभर मी दुसरं काय केलं?

मागच्या रविवारी पहिली शर्यत झाली. सहा निशाणं होती, बाभळीला बांधलेली तांबडी-पांढरी फडकी. प्रत्येकावर एक अक्षर, ते आपल्या कार्डावर उतरवून आणायचं. पहिली दोन पायवाटेच्या कडेलाच होती, ती मला बिनचूक सापडली. इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं. भोवताली नुसती कुसळं. घरी आल्यावर तरी कुणाला सांगणार होतो? भाकरी थापताना हल्ली मी स्वतःशीच बोलतो, तेही कंटाळा येईपर्यंत.

तिसऱ्या निशाणाला मात्र घोडं अडलं. काट्यावर भरवसा ठेवून चालत राहिलो. नकाशात ओढ्याची निळी रेघ होती, पण या दुष्काळात ओढा कुठला, नुसती वाळू. तो कधी ओलांडला ते कळलंच नाही. तासाभरानं एका वस्तीवर पोचलो. माणसं सगळी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली, ओट्यावर दगडाबाई नावाची एक म्हातारी तेवढी होती. नियम पाळून मी मुकाट्यानं पुढे निघालो, तर तिनंच हाक मारली. "वाट चुकलास न्हवं? मग इचार की, बाबा. इचारल्यानं काय जीब झिजती?"

टँकरचं पाणी घरात घागरभर, त्यातलं तांब्याभर तिनं मला दिलं. मग गाव विचारलं, नाव विचारलं, लेकरं किती ते विचारलं. मी म्हणालो, एक मुलगी आहे. माले, दोन वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. कुठं दिली, म्हणाली. नाशिकला, म्हणालो. नाशकात कुठं? मला सांगता येईना. जगाचा भूगोल शिकवणारा मी, आणि माझी लेक कुठल्या गल्लीत राहते ते मला ठाऊक नाही. तिच्या ओट्यावर बसून मी रडलो.

मग तिला वाट विचारलीच. तिनं हातानं दाखवलेल्या वाटेनं सगळ्यांत शेवटी परतलो. वाट विचारली हे कबूल केलं, तेव्हा शर्यतीतून बादच. सुभेदारांनी होकायंत्र तपासलं, ते चोख होतं. मग त्यांनी खिशात काय आहे ते दाखवायला सांगितलं. सदऱ्याच्या खिशात तुझ्या आईचा अडकित्ता निघाला. होकायंत्र छातीशी धरायचं आणि लोखंड नेमकं तिथंच! काटा फिरेल नाहीतर काय? सातवीच्या पोरांना हे मीच शिकवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान. सगळे हसले, मीही हसलो.

सुपारी मी खात नाही हे तुला माहीत आहे. तरी तो अडकित्ता, तू आपल्या मर्जीनं लग्न करून गेलीस त्या दिवसापासून माझ्या खिशात असतो. जाताना तू घरातलं दुसरं काही मागितलं नव्हतंस. आणि मी म्हणालो होतो, "आईचं नाव घालवलंस, आता तिची वस्तू तुला मिळायची नाही." त्यानंतर तू किती वेळ अंगणात उभी होतीस ते मी खिडकीतून पाहत होतो. बाहेर आलो नाही. चुकलो मी, माले.

अडकित्ता तुझा आहे. पोस्टानं पाठवायचा नाही, तुझ्या हातात द्यायचा आहे. त्यासाठीच हे पत्र. तुझ्या घरी कसं यायचं? नाशिकच्या स्टँडवर उतरल्यावर कुठल्या अंगाला वळायचं, वाटेत गिरणी लागते का झाड, तुमच्या दाराचा रंग कोणता, सगळं सविस्तर लिही. नकाशा काढू नकोस, त्यातलं मला कितपत कळतं ते आता जगजाहीर आहे. जावईबापूंना माझा नमस्कार सांग आणि मी आलेलं चालेल का ते विचार. नको म्हणाले, किंवा तूच नको म्हणालीस, तर तसंही कळव. मी पुन्हा विचारीन.

तुझाच,
नाना