वाऱ्यात पुढे कोण

प्रिय रेझिस,

फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि नर्स आली असं सांगून ठेवून देतोस, म्हणून हे लिहायला बसले. बसले म्हणजे काय, चार ओळी लिहिते आणि उठते. परवापासून ओतां वारा सुटलाय. खिडक्या वाजतायत, शेजारचं कुत्रं उगाच भुंकतंय, आणि मी स्वयंपाकघरातलं कपाट रिकामं करून पुन्हा लावलं, मग ते आवडलं नाही म्हणून परत काढलं. तुला ठाऊक आहे, हा वारा सुटला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. पण खरं सांगू का, या वेळी वाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. गुरुवारी तुला भेटून आले तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाहीये.

गुरुवारी तू कॉफीच्या यंत्रापाशी उभा राहून, माझ्याकडे न बघता, मला सगळं ठरवूनच सांगितलंस. शनिवारी सोडतील, पोलेट गाडी घेऊन येईल, आणि तू तिच्याबरोबर कास्त्रला राहायला जाशील. तिच्या इमारतीला लिफ्ट आहे. सायकल क्लबातल्या रुमेगासला देऊन टाक म्हणालास. किती दिवसांसाठी, असं मी विचारलं तर तू कपातली कॉफी ढवळत राहिलास, आणि तू तर कॉफीत साखरही घालत नाहीस. मी तेव्हा काही बोलले नाही. लोक होते म्हणून नाही. माझ्या तोंडात जे आलं होतं ते तुझ्या बहिणीबद्दल होतं आणि ते चांगलं नव्हतं. पोलेटचं काही चुकत नाही, भावाला जपते बिचारी. पण रेझिस, आपलं घर नदीकाठच्या रस्त्यावर आहे, तिथून सायकली जाताना दिसतील आणि तुला ते बघवणार नाही, म्हणून तू शहरात तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसणार? आणि मी काय करायचं? रविवारी येऊन तिच्या सोफ्यावर बसायचं आणि केक खायचा?

त्या डॉक्टरबाईंनी आपल्या दोघांसमोर सांगितलंय की सायकल चालवता येईल. सपाट रस्ता, हळू वेग, आणि वाऱ्याला अंगावर घ्यायचं नाही. कुणाच्या तरी मागे राहायचं. त्या तुझ्याकडून तिथे रोज ती जागची न हलणारी सायकल चालवून घेतातच ना, छातीला वायरी लावून? त्यावर तू काय म्हणालास ते मी विसरलेले नाही. ‘दुसऱ्याच्या चाकामागे लपून जायला मी काय बटाट्याचं पोतं आहे?’ बाई हसल्या. मला हसू आलं नाही. कारण मग लग्नापासून आजवर मी कोण होते? मीच ना मागे? बटाट्याचं पोतंच ना?

ऐकून घे आता. आपली रीत होती, पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा आणि मागच्याने त्याच्या चाकाला वीतभर अंतर ठेवून आडोशाने जायचं. आळीपाळीने पुढे जायचं असतं, सगळे तसंच करतात. तू मला कधी पाळी दिली नाहीस. तुझ्या लेखी ते प्रेम होतं, आणि ते होतंही, मी नाही म्हणत नाही. आठवडाभर तू गॅसच्या सिलिंडरचा ट्रक घाटातून हाकायचास, रविवारी इंजिनाचा आवाज कानावर नको म्हणून मला त्या नदीकाठच्या रस्त्यावर न्यायचास. जुना बोगदा, बंधारा, पॉपलरची रांग, पुन्हा बोगदा. तासन् तास एक मोटार दिसायची नाही. तू हात मागे करून खड्डा दाखवायचास, चेस्टनटची काटेरी फळं पडलेली दाखवायचास, आणि मी तुझ्या हाताप्रमाणे डावीउजवीकडे व्हायची. लोक विचारायचे, तार्न नदीचा काठ कसा आहे हो? मी म्हणायची, फार सुंदर. मला काय माहीत? मागच्याला पुढच्याच्या चाकावरून नजर हलवायची सोय नसते. मी तुझी पाठ बघितली, रेझिस. निळा स्वेटर, मग हिरवा, मग तो कुरूप पिवळा.

आणि पाठीवरून काही कळत नाही. त्या दिवशी पण नाही कळलं. वेग जरा उतरला तशी मी मागून चिडवलंसुद्धा, की आज म्हातारा झालास का. तू नुसता पायडल मारत राहिलास. तुझी पाठ रोजच्यासारखीच होती, ताठ. बंधाऱ्यावर गळ टाकून बसलेला तो माणूस समोरून तुझं तोंड बघून उभा राहिला, गळ फेकला आणि धावत आला. तो ओरडला, ‘अहो, थांबवा त्यांना, त्यांच्या तोंडाचा रंग बघा!’ एका परक्या माणसाला दिसलं, आणि मी वीतभर मागे असून मला नाही. नंतर तू रुग्णवाहिकेत मला सांगतोस, की बोगद्याच्या अलीकडेच छातीत कळ आली होती, पण पुढे असणाऱ्याने उगाच थांबायचं नसतं. मला इतका राग आला, की तुझा हात हातात होता तरी एक चिमटा काढावासा वाटला. हा राग अजून गेलेला नाही. तू बरा होईपर्यंत झाकून ठेवला होता. आता डॉक्टरबाई म्हणतात तू बरा आहेस, तर घे.

आता इकडचं. तू नसताना मी घरात बसू शकत नव्हते. शाळेच्या खानावळीतलं काम दुपारी संपतं, मुलांच्या थाळ्या धुऊन मी घरी यायची आणि घर खायला उठायचं. एक दिवस सायकल काढली. एकटीने, नदीच्या वरच्या अंगाला, थेट ओतांच्या तोंडात. बोगद्यापर्यंत पोचेस्तोवर मी देवाला, तुला आणि सायकल बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. वारा असा असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. डोळ्यांत पाणी, कानात घोंघों, मांड्या पेटलेल्या. दुसऱ्या दिवशी जाणार नाही असं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी गेले. मग रोजच जायला लागले. वाऱ्यात डोकं कुठे घालायचं, कधी हलका गिअर टाकायचा, वळणावर तो कुठल्या बाजूने धक्का देणार, ते हळूहळू अंगात यायला लागलं. रात्री झोप लागायला लागली, हेही सांगते.

रुमेगासला कुठून तरी खबर लागली. आपल्या क्लबचा अध्यक्ष, त्याला गावातल्या कोंबडीने अंडं घातलेलं कळतं. म्हणाला, रविवारी सगळ्यांच्या पुढे तू चल. त्याच्या मनात थट्टा होती, मला कळत होतं. मागे सगळे हसत होते. मी म्हटलं चल. आणि रेझिस, मी ते म्हातारे सगळे माझ्या मागे ओढत नेले. बोगद्यातून बाहेर आलो आणि समोर नदी वळली. खडकाच्या पायथ्याशी पाणी अगदी हिरवं, मधल्या बेटावर बगळा, वर डोंगरावर छोटं चर्च. चर्च! मी तिथून इतक्या वर्षांत किती वेळा गेले असेन, ते चर्च मला माहीतच नव्हतं. आणि मी केलं काय? ब्रेक दाबला. हात वर न करता, ओरडल्याशिवाय, जागच्या जागी थांबले. आपल्यात याहून मोठं पाप नाही. मागे धडाधड एकावर एक. रुमेगास हँडलवरून जाऊन अंगाची आग करणाऱ्या झुडपांत पडला, उघड्या पायांनी. कुणाला लागलं नाही, फक्त त्याचे गुडघे संध्याकाळपर्यंत टोमॅटोसारखे होते. तिथूनच तो ओरडला, ‘सोलांज, काय झालं, मेलं का कुणी?’ मी म्हटलं, नाही हो, मी नदी बघत होते. मग तो झुडपातून निघाला, पाय चोळत चोळत त्याने पण नदीकडे बघितलं आणि म्हणाला, ‘बघ. पण पुढच्या वेळी हात वर कर.’

त्यानंतर दर रविवारी मी पुढे असते. सगळा वेळ नाही, आळीपाळीने. हात वर करते.

तर आता ज्यासाठी लिहितेय ते. मी शनिवारी सकाळीच तिथे येणार आहे, पोलेटच्या आधी. रुमेगास दोन्ही सायकली व्हॅनमधून आणून देईल आणि जेवण घेऊन पहिल्या पुलावर जाऊन बसेल. पाव, सॉसेज आणि तुला चालतं ते बिनमिठाचं चीज, ज्याला काडीचीही चव नाही. पुलापर्यंत रस्ता सपाट आहे, मोटार एक नाही, मी डॉक्टरबाईंना विचारून ठेवलंय. पुढे घरापर्यंत व्हॅनने. पोलेटला मी फोन केला, ती रडली, मग म्हणाली, तो ज्या बाजूला जाईल ते मला चालेल. वारा समोरून असेल. मी पुढे असेन, तू माझ्या चाकामागे. पण मला हे फक्त शनिवारपुरतं म्हणायचं नाहीये, आणि म्हणूनच तोंडावर सांगवलं नाही. डॉक्टरबाई म्हणतात, वसंतात कदाचित तू पुन्हा पुढे जाऊ शकशील. जा, हवं तर अर्धा रस्ता जा. उरलेला अर्धा मी परत देणार नाही. तू ठणठणीत झालास तरी नाही. मी तुझी सेवा करायला वाऱ्यात शिकले असं लोकांना वाटतं, वाटू दे. मला तिथे आवडतं. हे तुला सोसणार नसेल, घरी येऊन पुन्हा ती पाठ ताठ करून कळ लपवायची असेल, तर माझ्यावर उपकार कर आणि खरंच कास्त्रला जा. मी रडेन, खूप रडेन, आणि तरी त्या दिवशी पुलापर्यंत सायकलनेच जाईन. आणि आलास, तर मी दवाखान्याच्या दारातून हळूच निघेन. दमलास की मागून हाक मार, लाजू नकोस. मी वेग कमी करीन. जागा सोडणार नाही.

रागावलेली, आणि तरी तुझीच,
सोलांज