वारस असून खालसा

‘ओगासावारा मारू’ बोटीवरून,
१२ मे २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

वरचा पत्ता वाचून चष्मा पुसला असेल तुम्ही. पुसू नका, बरोबर वाचलंत. तुमची लेक खरंच भर समुद्रात आहे. टोकियोच्या दक्षिणेला हजार किलोमीटरवर चिचिजिमा नावाचं बेट आहे, तिथून परतते आहे. विमान तिथे जात नाही. साधारण आठवड्याला एक बोट. बोटीवर मोबाइलला रेंज नाही, म्हणजे तुमच्या दृष्टीने आदर्श परिस्थिती. तुमच्या कानांनी फोनशी असहकार पुकारल्यापासून माझं मराठी अक्षर सुधारलंय, हे मात्र मान्य करा.

बेटावर जायचं कारण माझं नेहमीचंच. तेरा वसाहतींची अमेरिका पॅसिफिकपर्यंत कशी पसरली, हे मी त्सुकुबाच्या विद्यापीठात शिकवते. आणि या विषयाचं खूळ माझ्या डोक्यात कोणी घातलं, ते साताऱ्याच्या शाळेतल्या एका गुरुजींना विचारावं. १८३० मध्ये हवाईकडून थोडी माणसं या ओसाड बेटावर येऊन राहिली. त्यांत मॅसॅच्युसेट्सचाही एकजण होता. पुढे अमेरिकेचा कमोडोर पेरी आपली आरमारी जहाजं घेऊन जपानचं दार ठोठावायला निघाला, तेव्हा वाटेत इथे थांबून त्याने कोळशाच्या वखारीसाठी किनाऱ्याचा तुकडा विकत घेतला. वखार म्हटल्यावर तुमचे कान (निदान उजवा) टवकारले असतील. पण वॉशिंग्टनने ते मनावर घेतलं नाही. बेट जपानचं झालं, महायुद्धानंतर अमेरिकी आरमाराच्या ताब्यात गेलं आणि १९६८ मध्ये परत जपानकडे आलं. त्या पहिल्या माणसांचे वंशज अजून तिथेच आहेत. त्यांतल्या एका सत्तरीच्या बाईंशी दोन दुपारी बोलले, सगळं रेकॉर्ड केलंय. त्यांनी मला पॅशनफ्रूटचं सरबत पाजलं आणि मी इतकी बारीक का, असं अगदी आईसारखं विचारलं.

आता एक कामाची गोष्ट. अंबरीष गेले वर्षभर म्हणत होता, ते आता ठरलंय. आम्ही तिघं जपानचं नागरिकत्व घेण्यासाठी अर्ज करतो आहोत. अंबरीषची नोकरी टोकियोतच राहणार, घराचं कर्ज इथलं, तुमची नात अक्षया तर झोपेतसुद्धा जपानीच बोलते. माझं पद कायम होतंय. अर्जाला माझा जन्मदाखला लागेल, आणि तुमच्या-आईच्या लग्नाबद्दल व मी तुमची मुलगी असल्याबद्दल तुमच्या सहीचं प्रतिज्ञापत्र. मसुदा सोबत जोडलाय. जमेल तेव्हा, पण शक्यतो जुलैच्या आत पाठवावं.

समुद्र खवळायला लागलाय, अक्षर हलतंय. तब्येतीला जपा. लोभ आहेच, तो बोटीच्या वेगाने का होईना, पोचत राहावा.

तुमची,
नंदू

•

शाहूपुरी, सातारा
३० मे २०२५

चि. सौ. नंदिनीस,
अ. उ. आ.

तुझं समुद्रावरचं पत्र पोचलं. मी ते दोनदा वाचलं आणि मग शेजारच्या लीलावतीबाईंना वाचून दाखवलं. पॅशनफ्रूट म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. इकडे आंबा या वर्षी महाग आणि आंबट. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या निम्म्यापर्यंत जाऊन येतो. पुढचा निम्मा आता गुडघ्यांनी आपल्याकडे ठेवून घेतलाय.

अक्षयाचा फोटो पाहिला. नाक तुझ्या आईचं आहे. मी तिला मराठीत चार ओळी लिहिल्या होत्या. त्याचं उत्तर म्हणून तिने मांजराचं चित्र पाठवलं. चित्र छान आहे.

आता तुझी ‘कामाची गोष्ट’. नववीच्या वर्गाला मी लुईझियानाची खरेदी दरवर्षी शिकवत असे, आठवतं? नेपोलियन विकतो, जेफरसन घेतो, देश एका फटक्यात दुप्पट होतो. मी पोरांना विचारायचो, की त्या प्रदेशात जी माणसं राहत होती त्यांना हे कधी कळलं असेल? आणि एकही हात वर व्हायचा नाही. नंदू, तुझ्या पत्राने माझा हात वर झाला. तुमचं ठरलं, मसुदा तयार झाला, आणि मग सहीपुरता मला निरोप आला.

साताऱ्याच्या माणसाला खालसा या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. १८४८ मध्ये कंपनीने इथली गादी खालसा केली, कारण काय तर पोटचा वारस नाही आणि दत्तक आम्हाला मंजूर नाही. मला एकुलती एक मुलगी आहे, धडधाकट, पीएच.डी. झालेली. वारस असून खालसा झालेला पहिला सातारकर मीच म्हणायचा. हे मी हसून लिहितो आहे. सगळं हसून लिहिलेलं नाही.

जन्मदाखला नगरपालिकेतून काढून ठेवला आहे. प्रतिज्ञापत्रावर सही केलेली नाही, आणि आत्ता करणारही नाही. पुढे तू घरी येशील तेव्हा साताऱ्यात शिरायला तुला परवाना लागणार, आणि तुझ्या पासपोर्टावर दुसऱ्या देशाचं राजचिन्ह असणार. हा विचार मनात आला की मी उठून उगाचच पाणी पितो.

अंबरीषरावांना नमस्कार सांगणे. अक्षयाला आणि तिच्या मांजराला आशीर्वाद. बाकी ठीक. लोभ मागत नाही, तो मागून मिळत नाही.

तुझा,
बाबा

•

त्सुकुबा
१८ जून २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी कचऱ्याची पाळी माझी होती. प्लास्टिकच्या दिवशी मी काचेच्या बाटल्या नेऊन ठेवल्या, आणि शेजारच्या बाईंनी त्या परत माझ्या दारात आणून ठेवल्या. यावरून माझी अवस्था ओळखा.

पहिले चार दिवस मी रागावले होते. मनात तुमच्याशी भांडत होते, की बाबा काय, एकोणीस वर्षं मी इथे राहते, आता कागदावर आलं तर काय बिघडलं! अंबरीष म्हणाला की बाबांना फोन लाव आणि समजाव. मी म्हटलं, ओरडून समजावण्यासारखी ही गोष्ट नाही.

मग त्या बेटावरच्या बाईंचं रेकॉर्डिंग उतरवून काढायला बसले. आमच्या कामात हे असंच असतं: बोलताना माणूस जे ऐकत नाही, ते उतरवताना ऐकावं लागतं. बाई सांगत होत्या, की त्या तेरा वर्षांच्या होईपर्यंत आरमाराच्या शाळेत इंग्रजीतून शिकल्या. १९६८ मध्ये झेंडा बदलला. थोरला भाऊ अमेरिकेला निघून गेला. वडिलांनी इथेच राहायचं ठरवलं, आणि बाई जपानी मुळाक्षरांपासून पुन्हा शाळेत बसल्या. मी शहाणपणाने विचारलं होतं की कोणता देश बरा वाटला. त्या म्हणाल्या, दोन्हीकडे जेवायला मिळालं. दुःख झालं ते एकाच गोष्टीचं: वडिलांनी आणि भावाने एका जेवणात सगळं ठरवून टाकलं आणि मी तिथेच बसलेली असून मला कोणी काही विचारलं नाही. त्या दुपारी मी त्यावर मान डोलावून पुढचा प्रश्न विचारला. बेटावरून निघाले, बोटीत बसले आणि तुम्हाला ते पत्र लिहिलं. आहे की नाही तुमच्या लेकीची कमाल?

म्हणून आता विचारते. बाबा, मी हे करू का?

मला का हवंय तेही सांगते, कारण ‘अंबरीष म्हणत होता’ हे अर्धंच खरं होतं. मागच्या निवडणुकीत अक्षयाच्या शाळेसमोर मतदानाची रांग होती. मी तिथून सायकल ढकलत गेले आणि मला एकदम परकं वाटलं, एवढ्या वर्षांत वाटलं नव्हतं तेवढं. मला इथलं व्हायचंय. आणि त्याच वेळी, रोज संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली की मला साताऱ्याला जायचं असतं. दोन्ही खरं आहे. यातलं एक खोटं पाडून दाखवा, तर मी सुटेन.

तुम्ही नाही म्हणालात तर मी अर्ज करणार नाही. अंबरीष आणि अक्षया करतील, मी कायम वास्तव्याच्या परवान्यावर राहीन. अंबरीषला सांगितलंय. त्याला पटलं नाही, पण तो गप्प बसला. हे मी तुमच्यावर ओझं टाकायला लिहीत नाही. विचारायचं तर नाही म्हणायची मुभा देऊन विचारावं, एवढंच.

उजव्या कानात तेल घालू नका, डॉक्टरांनी बजावलंय. उत्तर काहीही आलं तरी माझा लोभ जागेवरच आहे.

तुमची,
नंदू

•

शाहूपुरी, सातारा
९ जुलै २०२५

चि. सौ. नंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर पहिले आठ दिवस माझं उत्तर ‘नाही’ होतं. खोटं कशाला सांगू, ते आठ दिवस मजेत गेले. आपल्या एका शब्दावर सातासमुद्रापलीकडे कोणीतरी थांबलंय, ही भावना वाईट असते आणि गोड असते. लाटसाहेबांना अशीच झोप लागत असावी.

नवव्या दिवशी तुझी खोली झाडायला घेतली. तुझी खोली मी पंधरा दिवसांनी झाडतो, चादर बदलतो. वापरलेली नसतेच, तरी बदलतो. झाडताना मनात आलं की ज्या खोलीत कोणी राहत नाही तिच्यावर आपण हक्क मात्र सांगतो आहोत. आयुष्यभर वर्गात उभा राहून मी ज्या लोकांना नावं ठेवली, ते याहून वेगळं काय करत होते? मला हवी आहेस, म्हणून तू माझ्याच नकाशात राहा, असं म्हणायला मी धजलो असतो.

तू मला हवी आहेस हे एकदा नीट लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. रोज चारच्या चहाला हवी असतेस. पेपरात काही मूर्खासारखं छापून आलं की वाचून दाखवायला हवी असतेस. तू परत येशील, असं मी तुझ्या आईला तिच्या शेवटच्या आजारात सांगत होतो. ती म्हणायची, नाही येणार हो, आणि तेही बरंच आहे. तिला माझ्यापेक्षा आधी कळायचं.

तेव्हा, कर. तू विचारलंस, मी हो म्हटलं. कोर्टाजवळच्या वकिलांकडे जाऊन प्रतिज्ञापत्रावर सही केली. ‘नंदिनी ही माझी मुलगी आहे’ हे वाक्य शपथेवर सांगावं लागलं. ते मी जरा मोठ्याने सांगितलं; वकील म्हणाले, आजोबा, मला ऐकू येतं. कागद रजिस्टरने वेगळे पाठवले आहेत.

आणखी एक. तू इथून निघायचीस तेव्हा तुझी आई दारात ओटी भरायची. मागच्या खेपेला ती नव्हती. तू टॅक्सीत बसलीस, मी बॅग ठेवली, आणि दोघंही रस्त्याकडे बघत राहिलो. या खेपेला तर तू खरीच निघते आहेस. म्हणून ओटी पोस्टाने पाठवतो आहे. लीलावतीबाई म्हणाल्या की असं कुठे असतं का, ओटी पोस्टाने, आणि तीही पुरुषाने भरलेली! मी म्हटलं, जपानपर्यंत पदर पुरत नाही, त्याला मी काय करू. तांदूळ आपला इंद्रायणी आहे. पार्सलच्या फॉर्मवर सगळं खरंखरं लिहिलं आहे, अगदी सुपारीसकट. सरकारी कागदावर मी आजवर खोटं लिहिलेलं नाही.

अंबरीषरावांना सांग, की गप्प बसले त्याबद्दल आभार. लोभ होता तेवढाच आहे. देश कोणताही असो.

तुझा,
बाबा

•

त्सुकुबा
३ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कागद आधीच पोचले. आज पार्सल आलं. वर चिकटपट्टी, आत वनस्पती तपासणी कार्यालयाची चिठ्ठी. परवानगीच्या दाखल्यावाचून आलेले तांदूळ, नारळ आणि सुपारी नियमानुसार काढून नष्ट करण्यात आले आहेत, तरी क्षमस्व. बाबा, तुम्ही खरंखरं लिहिलंत ना फॉर्मवर! खोटं लिहिणाऱ्यांची लोणची इथे सुखरूप पोचतात. खण आणि हळदीकुंकवाच्या पुड्या मात्र आल्या. खण तिथल्या माणसाने पुन्हा घडी करून ठेवला होता, तुमच्यापेक्षा नीट.

चिठ्ठी हातात घेऊन मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि रडले. तुम्ही ओंजळीने तांदूळ घालताना कसे दिसला असाल, तेच डोळ्यांसमोर येत होतं. अक्षया घाबरून धावत आली. मी तिला सगळं सांगितलं, आजी काय करायची ते, तुम्ही काय केलंत ते. थोडं मराठीत, थोडं जपानीत. ती उठली, आमच्या डब्यातले इथलेच चिकट तांदूळ वाटीत काढले, आणि म्हणाली की पदर कुठे असतो ते दाखव.

मी कपाटातून आईची निळी इरकल काढून नेसले. अक्षयाने कुंकू लावलं, जरा तिरकं. खण घातला. नारळ नव्हता, म्हणून फळांच्या टोपलीतली एक नासपती घेतली. तांदळाची ओंजळ घालताना तिने जपानीत विचारलं की आई, निघणाऱ्या माणसाची ओटी भरतात ना, मग तू कुठे चालली आहेस?

उद्या दहा वाजता आमची अर्जाची वेळ आहे. मी तिला सांगितलं, माहेराहून निघाले आहे. तिला काय समजलं कोण जाणे. पण ती दारापाशी गेली, दार उघडून धरलं, आणि घरातून कोणीही बाहेर पडताना इथे जे म्हणतात ते म्हणाली. त्याचा अर्थ आहे, जाऊन ये. मी भरलेला पदर धरून उंबऱ्यात उभी राहिले. बाहेर काही नव्हतं, नुसती सायकल आणि ऊन. पण तोंड आपोआप साताऱ्याच्या दिशेला वळलं, आणि आपल्याकडे निघताना म्हणतात तेच तोंडून गेलं.

येते, बाबा.

तुमची,
नंदू