लेथ शरदिनीला, मोटर मुकुलला

मी, प्रेमला यज्ञेश्वर आठल्ये, विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त, राहणार मुन्शी घाटामागची गल्ली, वाराणसी, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण ते ठिकाणावर नाही असे माझा पुतण्या मुकुल नातेवाइकांत सांगत फिरतो. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही मुकुलला दिले होते. ते आजपासून रद्द समजावे.

१. वरच्या दोन खोल्या आणि तळमजल्याची खोली मी माझ्या पगारातून घेतल्या आहेत. माझे दीर ढुंढिराज, म्हणजे मुकुलचे वडील, त्यांना ‘आमची वडिलोपार्जित जागा’ म्हणतात. ते पंडे आहेत. अहिल्याबाई घाटावर बसून यात्रेकरूंना त्यांच्या सात पिढ्या सांगायची सवय झाली की माणूस आपल्याही पिढ्या वाढवून सांगू लागतो. खरेदीखत कपाटात आहे. त्यांनी चष्मा लावून वाचावे.

२. तळमजल्याच्या खोलीत लाकूड कातण्याचा लहान लेथ आहे. तो माझ्या यजमानांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आणला. ते सज्जन होते, पण त्यांच्या हातून एक लाटणे कधी सरळ उतरले नाही. त्यांनी केलेली सर्व लाटणी ढुंढिराजांना द्यावीत. वाकड्याशी त्यांचे जमते.

यजमान गेल्यावर दीर म्हणाले, “वहिनी, हे धूड आता कबाडवाल्याला देऊन टाका. विधवा बाईने यंत्र चालवायचं म्हणजे शोभत नाही.” काय शोभते ते त्यांनी सांगितले नाही, बहुधा त्यांच्या सुनेला पापड लाटून देणे. मी लेथ ठेवला आणि शिकले. पाळण्यावरच्या चिमण्या, भोवरे, कुंकवाचे करंडे माझ्या हातून चांगले होऊ लागले. मग यंत्र झिजले. लाकूड धरून फिरवणारा दांडा ज्या बेअरिंगांत बसतो ती दोन्ही ढिली झाली. हत्यार टेकवायच्या पट्टीला खाचा पडल्या. लाकडाला समोरून आधार देणारे टोक बोथट झाले होते आणि घासून लाकूड जाळू लागले होते.

३. मुकुल इंजिनियर आहे. हे त्यानेच मला अनेकदा सांगितले आहे. मी त्याला म्हटले, “आधी बेअरिंगं बदल.”

तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, “काकू, पुरानी मशीन आहे. ह्याच्यात दमच नाही. मोटर मोठी लावू, सब ठीक होऊन जाईल.”

“दांडा हलतोय रे. हात लावून तरी बघ.”

“तुम्ही टेन्शन नका घेऊ.”

त्याने हात लावून पाहिले नाही. आपल्या कारखान्यातून काढून टाकलेली मोठी मोटर आणून जोडली आणि चहा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिसवीचा तुकडा लावला. झिजलेल्या बेअरिंगांत दांडा त्या वेगाने थडथडू लागला, तुकडा निसटला आणि माझ्या खांद्याजवळचे हाड मोडले. इस्पितळात मुकुल सगळ्यांना म्हणाला, “काकूंचा हात थरथरतो. उमर झाली.” मी तेथेच पलंगावर पडले होते. दुखण्यापेक्षा मला त्याच्या आवाजातल्या काळजीची शिसारी आली.

४. मी इस्पितळात असताना तो टेम्पो आणि दोन माणसे घेऊन लेथ उचलायला आला. खोली भाड्याने द्यायचे त्याने ठरवले होते. तेव्हा दारात माझी नणंद शरदिनी बसली होती.

शरदिनीविषयी लिहिणे भाग आहे. ती मुलींच्या शाळेत गाणे शिकवीत असे आणि सगळ्या जगाला आपली विद्यार्थिनी समजते. यजमान गेले त्या दिवशी ती सर्वांसमोर म्हणाली, “वहिनींनी दादाला वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतं तर तो आज असता.” ते वाक्य मी माफ केलेले नाही आणि करणार नाही. त्यानंतर आम्ही बोलत नव्हतो. त्या दिवशी ती माझ्या घराला कुलूप आहे की नाही एवढेच पाहायला आली होती, असे ती म्हणते.

समोरच्या निवेदिताने पाहिले ते असे. शरदिनी उंबऱ्यात मटार सोलत बसली. मुकुल म्हणाला, “आत्या, जरा बाजूला सरका.”

“कोणाला विचारलंस?”

“काकूंना आता हे जमणार आहे का?”

“ते काकू सांगेल. तोवर आधी मला उचल, मग मशीन.”

आत्याला उचलण्याची त्याची छाती नव्हती. तो लहान असताना भाच्यांना मारायला तिच्याजवळ लाकडी पट्टी असे. टेम्पो रिकामा गेला.

५. हाड जुळल्यावर मी एका हाताने आणि शरदिनीने दोन हातांनी लेथ उघडला. आभार मी मानले नाहीत, तिने अपेक्षिले नाहीत. मोठी मोटर काढून जुनी बसवली. दांडा ठोकून बाहेर काढला, लहुराबीरच्या बाजारातून धूळ न शिरणारी नवी बंद बेअरिंगे आणली. पट्टी कानशीने घासून तिच्या कडेवर पोलादी सळई बसवून घेतली. समोरचे टोक बदलून लाकडाबरोबर फिरणारे टोक घातले. पहिल्यांदा चालू केला तेव्हा शरदिनी म्हणाली, “बंद करा. ही घरघर पट्ट्याची आहे.” मोटरीवरून दांडा फिरवणारा पट्टा खरोखर कडेने फाटला होता. मला राग आला, कारण ते मला ऐकू आले नव्हते. पट्टा बदलला. आता यंत्र इतके शांत चालते की वर कुकरची शिटी ऐकू येते.

त्यानंतर ती रोज येते. “वहिनी, तुम्ही हत्यार भाल्यासारखं धरता,” असे रोज म्हणते.

६. सबब लेथ, हत्यारे आणि तळमजल्याची खोली शरदिनीला द्यावी.

७. वरच्या दोन खोल्या मुकुलला. यजमानांना मी तसा शब्द दिला होता आणि मी मुकुल नव्हे. खाली लेथ चालू असताना त्याने तक्रार करू नये. केल्यास खोल्या विकून पैसे घाटावरच्या अन्नछत्राला द्यावेत. त्याची मोटर जिन्याखाली आहे. ती त्याने स्वतः उचलून न्यावी.

८. हे सर्व मी शरदिनीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “मी तुमच्याहून मोठी आहे, वहिनी. आधी मी जाणार. मग ह्या कागदाचं काय करणार?”

वकिलांनीही तेच विचारले. शरदिनी माझ्याआधी वारली तर लेथ कोणाला, याचे एक कलम असायलाच हवे, असे त्यांनी दोनदा सांगितले.

ते कलम मी घालीत नाही.

वाचून, समजून सही केली.
प्रेमला यज्ञेश्वर आठल्ये

साक्षीदार, ज्यांना यात काहीही दिलेले नाही आणि ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या:
निवेदिता प्रल्हाद खरे, शेजारी
डॉ. आदित्य सप्रे

वाराणसी, १४ नोव्हेंबर २०२४