दादा माझ्या नावाने बोलला

३ मार्च, सोमवार

पत्र आलं. लिफ्ट दुरुस्तीची मोठी कंपनी, मुख्य मेकॅनिकची जागा! पण मुलाखत फोनवर — गुरुवारी अकराला. फोनवर! समोर बसवलं असतं तर मोटर खोलून दाखवली असती. फोनवर माझ्याकडे काय? नुसती जीभ. ती 'म'वर अडते, 'प'वर अडते, स्वतःच्या नावावर तर मुक्कामच ठोकते.

आई म्हणाली, "दादाला बोलू दे ना तुझ्या जागी. आवाज तर एकच तुमचा."

जेवण तसंच टाकून उठलो.

४ मार्च, मंगळवार

उत्तरं लिहून काढली, आरशासमोर म्हटली. दादा दारात उभा. विमा विकतो, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. "काय रे, गाडी सुटली की नाही अजून?" चाळिशी उलटली तरी विनोद तोच! लहानपणी दुकानातही माझ्या वतीने हाच बोलायचा. मला लिमलेटच्या गोळ्या हव्या असायच्या, हा बिस्किटं मागायचा. मी ती खायचो. मूर्ख!

५ मार्च, बुधवार

नमस्कार. नमस्कार. नमस्कार. जमतंय.

६ मार्च, गुरुवार

फोन तासभर आधीच आला. मी अंघोळीला. बाहेर आलो तर आईचे डोळे भरलेले. "झालं रे तुझं काम!"

दादा म्हणाला, "वाजत होता, तू आत. मग घेतला. छान बोललो तुझ्या नावाने. कंपनीच्या बाई खूश! म्हणाल्या, सगळं लक्षात आलं."

"काय वि-वि—"

"काय विचारलं? लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय, आत माणसं आहेत, पहिलं काय कराल? म्हटलं, दार उचकटायचं, माणसं बाहेर! त्यात काय अक्कल लागते?"

दार उचकटायचं! वीज न तोडता! मध्येच लिफ्ट हलली तर माणूस चिरडेल. बावीस वर्षं नवीन पोरांना हेच ओरडून शिकवतोय. अडखळत, पण ओरडून! ओला टॉवेल त्याच्या तोंडावर फेकला. दुसरं काही हातात नव्हतं म्हणून.

आई म्हणे, "मिळतेय ना नोकरी? मग गप्प बस. कोणाला कळणार आहे?"

सगळ्यात संताप कशाचा? क्षणभर मलाही तसंच वाटलं.

७ मार्च, शुक्रवार

कामावर गच्चीतल्या मशीनरूमचं दार लावून त्या बाईंना फोन केला. नमस्कारावरच तीनदा अडकलो. बाई थांबल्या. म्हटलं, "काल बोलला तो माझा भ-भाऊ. मी अंघोळीला होतो. मी असा बोलतो."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. मग, "बरं, आता तुम्ही सांगा. लिफ्ट अडकलीय. पहिलं काय?"

"मेन स्विच ब-बंद. मग आतल्यांशी बोलायचं. घाबरू नका म्हणायचं."

"तुम्ही बोलता?"

"हो. वेळ लागतो. पण त्यांना तरी कुठे जायचं असतं?"

हसल्या की खोकल्या, कळलं नाही. "आम्ही कळवतो" म्हणाल्या. म्हणजे संपलं.

घरी सांगितलं. आईने कपाळ बडवलं, "हातातली नोकरी घालवलीस रे!" दादा म्हणाला, "मी तुझ्यासाठी केलं आणि तू मलाच चोर ठरवलंस." मी म्हटलं, "हो." हा शब्द कधीच अडत नाही.

८ मार्च, शनिवार

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. बरं आहे.

१० मार्च, सोमवार

बाईंचा फोन. "दार उचकटणारा माणूस आम्हाला नको होता. गुरुवारीच तुमच्या नावावर काट मारली होती. शुक्रवारी नाव परत लिहिलं. एक तारखेपासून या."

म्हणजे गुरुवारी घरात आनंद झाला, तो नोकरी गेल्याचा होता! आता हे दोघांना मी सांगणार. माझ्याच तोंडाने. सावकाश.